लाल थाळ्यांतला भात

बावीस वर्षांची असताना मी नवापूर तालुक्यातल्या एका मुलींच्या छात्रालयात गृहमाता म्हणून रुजू झाले. साठ साल उलटून गेलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा धुळे. माझं घर शहाद्याच्या बाजूला, तापीकाठच्या काळ्या मातीत. घरी कापूस, केळी, ज्वारी. मी मॅट्रिक झाले होते, शिक्षिकेची जागा मिळत नव्हती आणि एका संस्थेला जंगलपट्टीतल्या मुलींसाठी शिकलेली बाई हवी होती. वडील म्हणाले, जा. आई मात्र माझी ट्रंक भरता भरता एकाच गोष्टीवर अडून बसली.

"तठे रोज भात खातस म्हणे," ती म्हणाली. "भात काय रोज खातस का कोणी? ताप येवावर खातस."

आमच्याकडे खरंच तसं होतं. जेवण म्हणजे भाकरी. भात पाहुणा आला की, सण असला की, नाहीतर कोणी आजारी पडलं की. म्हणून तांदळातलं मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. कुठला तांदूळ मोकळा होतो, कुठला चिकट, पेज कधी काढायची, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ज्या बाईला ते सगळं ठाऊक होतं, तिच्यावर मी जवळजवळ महिनाभर संशय घेतला.

ती छात्रालयाची स्वयंपाकीण. पन्नाशीची असेल. मुली तिला मावशी म्हणायच्या, मीही तेच म्हणू लागले. शेजारच्याच पाड्यावर तिचं घर होतं. घरी ती कोकणा आदिवासींची कोकणी बोले, मुलींशीही तेच. माझ्याशी मात्र बाजारात शिकलेली अहिराणी बोलायची. अहिराणी माझ्याही घरची भाषा. पण गृहमाता झाल्यापासून मी मुद्दाम पुस्तकी मराठी बोलत असे. आपण अधिकारी आहोत हे लोकांना कळावं असं मला वाटायचं. तिचं बोलणं इथे मी बहुतेक माझ्या मराठीतच लिहिते आहे.

चाळीस मुली होत्या. मातीच्या भिंती, वर कौलं, मागे स्वयंपाकाची पडवी. तिथे मोठ्या हंड्यात लालसर तांदळाचा भात शिजायचा. सोबत उडदाची डाळ, कधी अंबाडीची भाजी. मुलींनी घरून आणलेल्या थाळ्या निरनिराळ्या आकाराच्या, ठोके पडलेल्या, जर्मनच्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. काहींकडे थाळी नव्हतीच, त्या पानावर जेवायच्या. मला ते दृश्य फार विस्कळीत वाटे. मी संस्थेला तसं पत्रही लिहिलं होतं.

त्या पत्राचा परिणाम म्हणा की योगायोग, दिवाळीच्या आधी एक शेठ जीपमधून आले. सुरतेकडचे. इमारती लाकडाच्या व्यापारासाठी त्यांचं नवापूरला येणं-जाणं असायचं आणि सुरतेत एका नव्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती. जीपमधून दोन खोकी उतरली. खोक्यांत पेंढा, आणि पेंढ्यात प्लास्टिकच्या पन्नास थाळ्या. लाल भडक, चकचकीत, काठाला वेलबुट्टी. आमच्या भागात प्लास्टिक तोवर फारसं आलंच नव्हतं. कंगवे पाहिले होते, बांगड्या पाहिल्या होत्या. जेवायची थाळी कोणी पाहिली नव्हती. शेठनी एक थाळी उचलून सगळ्यांसमोर जमिनीवर आपटली. ती उडाली, फिरली आणि गप्प पडली. फुटली नाही, ठोका आला नाही. मुली हसल्या. मीही हसले.

मावशी पडवीच्या खांबाशी उभी होती. ती पुढे आली, तिनं थाळी उचलली, नाकाशी नेली.

"हाई कशानं शे?" तिनं विचारलं.

हे कशाचं आहे, एवढाच प्रश्न. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"हे तेलापासून करतात," शेठ म्हणाले.

"कोणतं तेल?"

"जमिनीतून निघतं ते."

"घासलेट?"

"घासलेट नाही ग. पण... तसंच. त्याच्याच जातीचं."

मावशीनं थाळी परत खोक्यावर ठेवली आणि लुगड्याला हात पुसले. शेठ हसून म्हणाले, "बेन, ह्यांना सवय नाही. हळूहळू होईल." मी मान डोलावली. जाताना शेठ म्हणाले की पौषात ते पाहुण्यांना घेऊन येतील, मुली आपल्या थाळ्यांत जेवताना त्यांना बघायच्या आहेत, आणि त्या वेळी पडवीवर पत्रे घालण्याचंही बोलू.

दुसऱ्याच दिवशी मी जर्मनच्या थाळ्या गोळा करून फडताळात बंद केल्या. मुलींना ओळीनं बसवलं. चाळीस लाल थाळ्या एका रेषेत मांडल्या. मला खरंच समाधान वाटलं. सगळ्यांना एकसारखी थाळी, कोणाची मोठी नाही, कोणाची लहान नाही.

मावशीनं हंड्यातून भात वाढायला सुरुवात केली. वाफाळता भात थाळीत पडला आणि एक वास आला. सांगता येणार नाही असा. थोडा औषधासारखा, थोडा नव्या छत्रीच्या कापडासारखा. पहिल्या मुलीनं तोंड वळवलं. तिच्या शेजारची नाकाला ओढणी लावून बसली. मी ओरडले, "अन्नापुढे नाक मुरडायचं नाही!" त्यांनी मान खाली घातली आणि जेवल्या. एकदोघींनी अर्धं टाकलं. गरम डाळीनं थाळ्यांचे तळ किंचित वर फुगले होते, उलट्या ठेवल्यावर त्या डुलत होत्या.

नव्या वस्तूला वास असतोच, असं मी स्वतःला सांगितलं. चार वेळा घासल्या की जाईल.

तो वास पुढे आयुष्यभर माझ्या नाकात राहिला. आता माझी सून मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकच्या भांड्यात भात लावते. बारा मिनिटांत होतो, छान होतो. भांड्याच्या बुडाशी लिहिलेलं ती मला दाखवते, हे यात चालतं म्हणून. असेलही चालत, मला त्यातलं काय कळतं. पण झाकण काढल्यावर मी आधी वास घेते आणि मग भात आपल्या स्टीलच्या ताटलीत काढून घेते.  

तर, तीन-चार दिवसांनी मुलींनी एक मागणी केली. ओसरीवर ऊन येतं, आम्ही मागच्या अंगणात महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली बसून जेवू का? मी हो म्हणाले. त्यानंतर रोज मुली थाळ्यांत भात वाढून घ्यायच्या, माझ्यासमोरून ओळीनं मागे जायच्या आणि रिकाम्या थाळ्या घेऊन परत यायच्या. थाळ्या फार स्वच्छ असत. एक शीत उरलेलं नसे. मला वाटलं, बघा, सवय झाली.

पण मी मागे गेले की बोलणं एकदम थांबायचं. चाळीस मुलींचा चिवचिवाट असा खाली बसायचा की माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू यायचा. थाळ्या मांडीवर, माना खाली. आणि मावशी मध्ये उभी, माझ्याकडे बघत.

मग मला टोपली दिसली. मावशी पहाटे कामाला यायची तेव्हा डोक्यावर एक मोठी टोपली असायची, वर फडकं बांधलेलं. संध्याकाळी घरी जाताना तीच टोपली, वर तेच फडकं, आणि ती रिकामी नसायची. वजन होतं तिच्यात, हे तिच्या मानेवरून कळायचं. आधी ती टोपली आणत नव्हती. लाल थाळ्या आल्यानंतर सुरू झालं होतं हे.

मी शाळेच्या कारकुनांना सहज म्हणून विचारलं. ते वयस्कर गृहस्थ होते, मूळचे धुळ्याचे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तांदूळ कोणाच्या ताब्यात आहे?"

"मावशींच्या."

"मग मला कशाला विचारता?"

एवढंच. त्यांनी काही आरोप केला नाही. पण त्या दिवसापासून मला तांदळाच्या कोठीत जाऊन पोत्यावर हात ठेवून बघायची खोड लागली. पोतं रोज जरा जास्तच खाली गेलंय असं वाटायचं. पूर्वी किती उरायचं ते मी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं, तरी वाटायचं. मावशी भात निथळत असली की मी दारात उभी राहायचे. ती घरी निघाली की मी ओसरीवर यायचे. तिला ते कळत होतं. ती फडकं अजून घट्ट बांधू लागली, आणि फडकं घट्ट बांधते म्हणून माझा संशय वाढला.

दोन मुलींची पोटं दुखली. एकीला उलटी झाली. मी मनात म्हटलं, चांगला तांदूळ घरी नेते आणि मुलींना कसला तरी शिजवून घालते. थाळ्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. थाळ्या माझ्या पत्रामुळे आल्या होत्या ना.

कार्तिक संपत आला होता. एका संध्याकाळी मावशी फाटकाशी पोचली तेव्हा मी पुढे जाऊन उभी राहिले. मुली विहिरीवर भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले.

"टोपलीत काय आहे?" मी विचारलं.

मावशीनं टोपलीवर हात धरला.

"मी विचारते आहे, टोपलीत काय आहे? फडकं काढा."

"मुलींसमोर?" ती म्हणाली.

"मुलींसमोरच."

तिनं टोपली डोक्यावरून उतरवली, जमिनीवर ठेवली, पण फडक्याला हात लावला नाही. तशीच उभी राहिली. मग मीच वाकले. गाठ घट्ट होती, मला सुटेना. खाली बसून दोन्ही हातांनी ती सोडवावी लागली. मला आजही त्या गाठीची लाज वाटते. सुटेपर्यंत चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या.

आत पानं होती. सागाची आणि पळसाची, काड्या टोचून केलेल्या पत्रावळी, जेवून झालेल्या, एकात एक दुमडलेल्या. मधे कुठे भाताची शितं, डाळीचे डाग. बाकी काही नाही. मी खालपर्यंत हात घातला. काही नाही.

"शेळ्यांना घालते," मावशी म्हणाली.

एक मोठी मुलगी विहिरीवरून पुढे आली. तिनंच सगळं सांगितलं, भीत भीत. मावशी पहाटे जंगलातून पानं आणायची आणि कामाला लागण्याआधी पत्रावळी टोचायची. मुली माझ्यासमोर लाल थाळीत भात घ्यायच्या, महूखाली गेल्या की लगेच पानावर ओतायच्या. माझ्या चपला वाजल्या की पान पाठीमागे सरकवून थाळी मांडीवर ओढायच्या. थाळी पाण्यानं विसळायच्या आणि ती घेऊन माझ्यासमोरून परत यायच्या. पानावर जेवायला लागल्यापासून आम्ही पोटभर जेवतो बाई, असं ती म्हणाली.

"आणि ज्या दोघींची पोटं दुखली त्या?"

"त्या नवीन होत्या. त्यांना तुमची भीती वाटायची, म्हणून त्या थाळीतच जेवायच्या."

माणूस चुकलं की आधी रागावतं, तसं माझंही झालं. "मला का सांगितलं नाही?" मी मावशीला म्हणाले. "लपवलंत कशाला?"

"पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, हे कशाचं आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही सांगितलं नाही."

ती मला पडवीत घेऊन गेली. चुलीमागच्या कोनाड्यातून तिनं एक लाल थाळी काढली, वर पान झाकलेलं. सकाळी तिच्यात तिनं गरम भात आणि डाळ घालून ठेवली होती. असं ती अधूनमधून करून बघायची, रंग थांबला का ते पाहायला. तिनं थाळी उजेडात आणली आणि बोटांनी भात बाजूला केला. तळाशी चिकटलेला भात गुलाबी झाला होता. वरचा साधा लालसर तांदूळ, आणि खाली हा, कुंकवाच्या पाण्यात भिजवल्यासारखा.

"तुम्ही ह्यामा कधी जेवनात का?" तिनं मला विचारलं.

मी जेवले नव्हते. मी पहिल्या दिवसापासून घरून आणलेल्या पितळी थाळीत जेवत होते. त्यात काही गैर आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिनं थाळी माझ्यापुढे केली. "खा."

मी हात पुढे नेला. त्या गुलाबी भातातली चार शितं उचलली. तोंडापर्यंत नेता आली नाहीत. ती परत थाळीत ठेवली. मावशीनं थाळी झाकली आणि घरी गेली. टोपली तिथेच राहिली. मी ती उचलून तिच्या पाड्यावर नेऊन द्यायला हवी होती. नेली नाही. पहाटे मुलींसाठी पानं आणायला जाताना तिची तीच घेऊन गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एक थाळी वर्तमानपत्रात गुंडाळून चिंचपाड्याला गेले. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी ती हुंगली, नखानं खरवडली, कपात गरम पाणी मागवून तिच्यात ओतलं आणि बराच वेळ बघत बसल्या.

"हे विषारी आहे का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. या वस्तू अजून आमच्या पुस्तकात आलेल्या नाहीत. पण मी माझ्या मुलाला यात गरम जेवण वाढणार नाही."

मी संस्थेच्या चिटणीसांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते कडक होतं. दात्याच्या भावनेचा मान राखावा, आदिवासी भागात काम करणाऱ्यांनीच जुन्या समजुतींना थारा दिला तर कसं व्हायचं, शेठजी पौषात येत आहेत, थाळ्या वापरात दिसल्या पाहिजेत. पत्र वाचून मी पडवीत गेले आणि मावशीला ते वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं.

"शेठला कशात वाढू?" तिनं विचारलं.

मी विचार केला. "त्यांच्याच थाळीत," मी म्हणाले. "हंडा चुलीवरून उतरवला की लगेच."

शेठ आले ते दुपारी, दोन पाहुण्यांसह. ओसरी शेणानं सारवली होती. मुली ओळीनं बसल्या, त्यांच्यापुढे लाल थाळ्या. शेठ आणि पाहुणे समोर पाटावर, त्यांच्यापुढेही लाल थाळ्या. शेठ खुशीत होते. पाहुण्यांना त्यांनी थाळीची वेलबुट्टी दाखवली. मावशी हंडा घेऊन आली. झाकण काढलं तेव्हा वाफेनं तिचं तोंड दिसेनासं झालं. तिनं आधी पाहुण्यांना वाढलं, मग शेठना. वर उकळती डाळ.

वास आला. माझं सगळं लक्ष शेठच्या चेहऱ्याकडे होतं. त्यांनी भातात बोट घातलं, भात थाळीच्या मध्यावरून काठाकडे सरकवला, तळाशी पाहिलं आणि हात मागे घेतला.

"जेवा ना शेठजी," मी म्हणाले.

"मला आज एकादशी आहे, बेन. लक्षातच नव्हतं."

एकादशी दोन दिवसांपूर्वी होऊन गेली होती. मी स्वतः केली होती.

"एकादशी परवा झाली," मी म्हणाले.

एक पाहुणा घास तोंडाजवळ नेऊन थांबला. मुली जेवत नव्हत्या, कोणीच जेवत नव्हतं. शेठनी इकडेतिकडे पाहिलं. ओसरीच्या कोपऱ्यात मावशीनं त्या दिवसासाठी टोचलेल्या पत्रावळींची चळत होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सागाचं पान चोळलं तर तेसुद्धा रंग देतं, लाल. मग पानाचा रंग चालतो आणि थाळीचा चालत नाही?"

हे खरं होतं. सागाचं कोवळं पान चोळलं की हात रक्तासारखे लाल होतात. उत्तर मावशीनं दिलं, हातातली पळी तशीच धरून.

"पानना रंग आम्हले माहीत शे," ती म्हणाली. "ह्याना रंग कोणले माहीत शे?"

शेठ वाईट गृहस्थ नव्हते, हे मला आज म्हणता येतं. त्यांनी थाळी हळूच पुढे सरकवली आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "बेन, ही थाळी थंड वस्तूंसाठी आहे. फरसाण, बिस्किट, फळं. हिच्यात गरम भात वाढायचा नसतो."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीला सुरतेला गेलो होतो. तिथे कारखान्यातल्या कारागिरानं सांगितलं. रंग पक्का नाही म्हणाला."

"दिवाळी होऊन दोन महिने झाले, शेठजी. पोस्टकार्ड टाकायचं."

"लिहिणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, तुम्ही काय म्हणाल. दिलेली वस्तू परत कशी मागायची?"

मावशीनं कोणाला न विचारता पत्रावळी उचलल्या. पहिली शेठपुढे मांडली, मग पाहुण्यांपुढे, मग मुलींपुढे. लाल थाळ्या तिनं एकात एक घातल्या आणि आतल्या भातासकट बाहेर नेल्या. हंड्यात उरलेला भात पानांवर वाढला. शेठ जेवले. दोनदा भात मागून घेतला. माझ्यासाठी मी त्या दिवशी थाळी आणली नाही. मुलींच्या ओळीत शेवटी जाऊन बसले आणि पानावर जेवले. पान सांभाळायची सवय नव्हती, डाळ माझ्या लुगड्यावर ओघळली.

पडवीवर पत्रे आले नाहीत. शेठ नंतर कधी आले नाहीत, त्यांच्याकडून पत्रही नाही. संस्थेनं मला समज दिली, पाहुण्यांसमोर दात्याचा अवमान केल्याबद्दल. ते पत्र मी बरीच वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात चिटणीस स्वतः येऊन गेले, त्यांनी थाळीत गरम पाणी घालून पाहिलं, आणि पावसाळ्याआधी जर्मनच्या चाळीस नव्या थाळ्या आल्या. लाल थाळ्यांत मुलींनी वांग्या-मिरच्यांची रोपं लावली. दोन उन्हाळ्यांत त्यांचा रंग उडाला आणि त्यांना चिरा गेल्या.

राहिलं ते माझं आणि मावशीचं. शेठ गेले त्याच संध्याकाळी ती टोपली घेऊन निघाली. फाटकाकडे न जाता माझ्या खोलीच्या दाराशी आली, टोपली उतरवली, फडकं सोडलं आणि बाजूला झाली. मला कळेना.

"हे काय?"

"बघा," ती म्हणाली.

"मला नाही बघायचं, मावशी."

"तुम्ही विचारलं होतं. मी दाखवते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी दार लावून घेतलं तर ती दाराबाहेर टोपली उघडून उभी राहायची, आणि मी दार उघडेपर्यंत जायची नाही. तिच्या आवाजात राग नसायचा. तिचा चेहरा रोजच्यासारखाच असायचा. आठवड्यानंतर मी तिच्या पाया पडले. पुस्तकी मराठी त्या वेळी माझ्या तोंडात आली नाही.

"मन्हं चुकनं," मी म्हणाले. "मन्हं चुकनं, मावशी."

तिनं मला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला. आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा टोपली घेऊन दाराशी आली.

नव्या थाळ्या आल्या तेव्हा मला वाटलं, आता पत्रावळी संपल्या, टोपलीही संपेल. संपली नाही. ती उरलेला कोंडा, भाजीचे देठ, काही ना काही शेळ्यांसाठी न्यायचीच. पावसाळा आला, गेला. मी दिवाळीला घरी जाऊन आले. आईनं विचारलं, "तठे लोके कसा शेत?" लोक कसे आहेत तिथले. मी चांगले आहेत म्हणाले आणि दुसरं बोलू लागले. परत आले त्या संध्याकाळीही टोपली दाराशी होती. मी बघायचे, मान हलवायचे, ती फडकं बांधून निघून जायची.

तोवर मी तिच्याकडून भात शिकू लागले होते. सांजेला पडवीत तिच्याजवळ बसायचे. किती पाणी, कधी जाळ ओढायचा, पेज कशी काढायची की शितं निसटत नाहीत. मी दोनदा करपवला. तिसऱ्यांदा जमला. मुलींनी तो खाल्ला आणि कोणी काही बोललं नाही, म्हणजे बरा झाला असणार. मावशीनं हंडा वाकडा करून तळ पाहिला आणि म्हणाली, "बरा शे."

त्यानंतर काही दिवसांनी, माघात, ती संध्याकाळी निघाली. मी सवयीनं दारात येऊन उभी राहिले. तिच्यासोबत दोन मुली होत्या. कुठल्याशा शेळीला करडू झालं होतं, त्याचं बोलणं चाललं होतं. ती बोलत बोलत माझ्या दारासमोरून पुढे गेली, टोपली डोक्यावर, फडकं बांधलेलं. फाटकापाशी थांबली नाही, मागे वळून पाहिलं नाही. मुली तिला फाटकापर्यंत पोचवून परत आल्या. मी बराच वेळ दारात उभी होते. मग आत गेले, दिवा लावला आणि मुलींच्या वह्या तपासायला बसले.